न उजाडलेले सहा दिवस

तांब्याचा गडू दोन्ही हातांत धरून मी पायरीवर उभी होते आणि पूर्वेला काही म्हणजे काही होत नव्हतं.

घड्याळात सव्वासहा झाले होते. नुसा वेरी बेटावर सूर्य उगवायला कधी चुकला नव्हता. घरासमोर नुसता समुद्र, मध्ये आड यायला ना डोंगर ना माड. पावसाळ्यातही सकाळी घटकाभर तरी तो तोंड दाखवायचा. मी अर्घ्य द्यायचे, शरयूच्या कपाळाला ओलं बोट लावायचे आणि मग चहाचं आधण ठेवायचे. त्या दिवशी कोंबडेसुद्धा आरवले नाहीत. वाटलं, घड्याळच पुढे गेलं असेल.

मग गडूतल्या पाण्यावर काहीतरी पडलं. बोट घालून बघितलं. राख. पण उदबत्तीची असते तशी मऊ नाही. चिमटीत चोळली तर कुटलेल्या काचेसारखी कचकचली. बेटाच्या मध्यावरचा डोंगर आठ दिवस गुरगुरत होता, मांडणीतली भांडी त्याने किणकिणायची. गावातले म्हातारे म्हणत, पावसाळा लागला की तो असाच कण्हतो.

"नोना! आत हो! पोरीला उचल!"

शेजारची मामा मार्ता डोक्यावर पातेलं पालथं घालून धावत येत होती, आणि त्या पातेल्यावर बारीक खडे ताशा वाजल्यासारखे वाजत होते. तिकडे आईच्या वयाच्या बाईला 'मामा' म्हणतात आणि धाकटीला 'नोना'. बर्फाच्या कारखान्यातल्या यांच्या नोकरीपायी आम्ही रत्नागिरीहून इंडोनेशियातल्या त्या टोकाच्या बेटावर जाऊन राहिलो, तेव्हा लुगड्यासारखं वस्त्र नेसलेल्या या मामाला बघून मला हसू आवरलं नव्हतं. आमच्याकडे मामा कोणाला म्हणतात ते यांनी तिला सांगितलं, तर ती माझ्याहून जास्त हसली. सुपारीने लाल झालेले ओठ, पुढचे दोन दात नाहीत. शरयूच्या जन्माच्या वेळी नाळ तिनेच कापली होती.

"उभी काय राहिलीस? कोणाची वाट बघतेस?"

"सूर्याची," मी म्हणाले.

तिने माझा दंड धरला आणि डोंगराच्या दिशेने तोंड फिरवलं. तिथे डोंगर नव्हताच. जमिनीपासून आभाळापर्यंत एक काळी भिंत होती आणि त्या भिंतीच्या आत विजा चमकत होत्या.

"आज तो येत नाही," मामा म्हणाली. "चल."

*

गावात दगडी भिंतींची आणि भक्कम तुळयांची इमारत एकच, चर्च. सगळं गाव तिथे गोळा झालं. माडाच्या झावळ्यांची छपरं दुपारपर्यंत राखेच्या भाराने खाली बसायला लागली होती. बसताना आवाज फार होत नसे. कोणी थकून मटकन बसावं तसा. मग माणसांच्या हाका. चर्चचं छप्पर टिकावं म्हणून पुरुष आळीपाळीने वर चढून फावड्यांनी राख लोटत होते. आत कंदील लावलेले. नाकातोंडाला ओली फडकी बांधलेली माणसं एकमेकांना डोळ्यांवरून ओळखत होती.

दुपारी हे आले. गोणपाट पांघरलेले, पापण्यासुद्धा पांढऱ्या. बरोबर हातगाडीवर बर्फाच्या चार लाद्या, भुशात गुंडाळलेल्या.

"विहिरी गेल्या," हे म्हणाले. "राखेचं पाणी कोणी पिऊ नका. हा बर्फ वितळवा, तेच प्या. कारखान्यात अजून आहे, मी आणत राहतो." मग माझ्याकडे वळून हळूच, "तू काही खाल्लंस?"

मी मान हलवली.

"अगं, दुपारचे दोन वाजले."

"अहो, दर्शन नाही झालं."

यांना माहीत होतं.

शरयूच्या आधी माझी दोन मुलं गेली. पहिला आठ दिवसांचा होऊन. दुसऱ्या खेपेला मी सोमवार धरले होते. आठव्या महिन्यात एका सोमवारी घेरी आली आणि मी सूर्यास्ताआधी अर्धं केळं खाल्लं. चौथ्या दिवशी पोटातली हालचाल थांबली. डॉक्टरांनी कारण वेगळं सांगितलं. मी ऐकून घेतलं. पण ते अर्धं केळं माझ्या मनातून गेलं नाही. म्हणून शरयूच्या वेळी दिवस गेले तेव्हाच मी कशेळीच्या कनकादित्याला मनोमन हात जोडून बोलले होते: हे मूल हाती लागू दे. ते वर्षाचं होईपर्यंत माझ्या डोळ्यांनी तुला पाहिल्याशिवाय अन्नाचा कण तोंडात घालणार नाही. शरयू आता पाच महिन्यांची होती आणि तोवर एकही दिवस चुकला नव्हता.

"उद्या दिसेल," मी यांना म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशीही उजाडलं नाही. काळोखाचा रंग तेवढा बदलला, काळ्याचा तपकिरी झाला. गंधकाचा वास घशात बसत होता. चर्चच्या दारात पाखरं पडत होती, चिमण्यांएवढी, चोचीत राख भरलेली. कोणीतरी ती झाडूने बाजूला करत होतं.

दहाच्या सुमाराला हे पुन्हा दोन लाद्या घेऊन आले आणि थेट माझ्यासमोर उकिडवे बसले.

"दिसला," हे म्हणाले. "आत्ता येताना, धक्क्यावरून. ढग जरासा फाटला होता. रुपयाएवढा दिसला. तू खाऊन घे."

"कुठल्या बाजूला?"

"हे काय, पूर्वेला."

"किती वर होता?"

यांनी हात वर केला, मग थोडा खाली घेतला, मग पुन्हा वर. लग्नाला सात वर्षं झाली होती. या माणसाला खोटं बोलता येत नाही हे मला पहिल्या आठवड्यात कळलं होतं.

"मी माझ्या डोळ्यांनी म्हटलंय हो," मी म्हणाले.

हे उठून उभे राहिले. यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला. "तुझे डोळे आणि तुझा नेम! तुझ्या अंगावर पिते ती. तुला कळतंय का? दूध कुठून येणार?"

सगळं चर्च आमच्याकडे बघायला लागलं. भाषा कोणाला कळत नव्हती, पण कशावरून चाललंय ते कळत असावं.

"नेम तिच्यासाठीच आहे," मी म्हणाले.

यांनी शरयूच्या पायाला हात लावला, गोणपाट डोक्यावर घेतलं आणि रिकामी हातगाडी ढकलत निघून गेले.

दुपारी पाऊस आला. लोकांना आनंद झाला, राख बसेल म्हणून. मामा तेवढी दारात जाऊन वरच्या अंगाला कान देऊन उभी राहिली. मग ती ओरडली, "ओढ्यापासून लांब! सगळे लांब!" आणि तो आवाज आला. कोणीतरी डोंगरावरून दगडांनी भरलेली आगगाडी सोडून दिल्यासारखा. राखेचा चिखल ओढ्यातून खाली येत होता, घराएवढे धोंडे आणि उभेच्या उभे माड घेऊन. चर्चची जमीन थरथरत होती. कोणी मोठ्याने प्रार्थना करत होतं. मी शरयूला छातीशी घट्ट धरून आदित्याची नावं घेत होते आणि बारापैकी पाचव्याच्या पुढे मला आठवत नव्हतं.

आवाज थांबला तेव्हा ओढ्यावरचा पूल नव्हता. बर्फाचा कारखाना ओढ्याच्या पलीकडे होता. हेही पलीकडे होते, की पुलावर होते, ते सांगणारं कोणी नव्हतं.

*

तिसऱ्या दिवशी शरयू ओढून ओढून प्यायची, चिडून सोडायची आणि रडायची. चौथ्या दिवशी सकाळी ती रडायची थांबली.

मला आधी बरं वाटलं, झोपली म्हणून. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला. टाळू आत गेली होती. बोटाचं पेर बसेल एवढा खळगा. ओठ कोरडे. डोळे अर्धवट उघडे, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्यातून पलीकडे बघत होती. असं बघणं मी एकदा पाहिलं होतं, आठ दिवसांच्या बाळाचं.

बर्फाचं पाणी अजून होतं. दुधाची पावडर गावातल्या दुकानात असायची, पण दुकानाचं छप्पर पहिल्याच दिवशी बसलं होतं. दुसरी पाजती बाई ओढ्यापलीकडच्या वस्तीत. मामाने मक्याची पातळ पेज बोळ्याने पाजून बघितली. शरयूने ती ओकून टाकली आणि त्या ओकण्यानेही दमली. डोंगरातून उडालेले हलके, सच्छिद्र दगड समुद्रावर तरंगत इतके साचले होते की होड्या हलत नव्हत्या. जहाज लांब उभं आहे, पण जवळ येत नाही, असं पाद्री सांगत होते.

बाराचा सुमार असेल. कंदिलाच्या उजेडात मामा माझ्यासमोर येऊन बसली. हातात केळीच्या पानावर दोन उकडलेली रताळी.

"खा."

मी मान हलवली.

"चार दिवस मी तुला काही बोलले नाही. तुझा देव, तुझं तू बघ म्हटलं. आता पोरीकडे बघ."

"मामा, मागच्या वेळी मी खाल्लं आणि मूल गेलं."

"आणि आता नाही खाल्लंस तर?"

मी रडायला लागले. डोळ्यांत पाणीसुद्धा नीट येत नव्हतं. तिला सगळं सांगितलं: ते सोमवार, ते अर्धं केळं, कशेळीचा देव. माझी भाषा बाजारापुरती होती. जिथे शब्द नव्हता तिथे मी हाताने दाखवलं. ती सुपारी चघळत ऐकत राहिली.

"म्हणजे तुझ्या देवाने भूक मागितली," ती शेवटी म्हणाली. "ती तुझीच पाहिजे, असं ठरलंय का?"

"मी बोललेय. माझीच."

"बोलणारी बाई तापाने पडली तर तुमच्यात काय करतात?"

मी लहान असताना आईला विषमज्वर झाला होता. तिचे शनिवार मावशीने धरले होते. वडिलांनी आईच्या हातावरून मावशीच्या ओंजळीत पाणी सोडलं होतं, ते मी उंबऱ्यात बसून बघितलं होतं.

"दुसऱ्याला देता येतो," मी म्हणाले. "पण घरच्या माणसाला. बहीण, नवरा, मुलगा."

"नवरा ओढ्यापलीकडे. बहीण आहे इथे?"

"नाही."

"आई? सासू?"

"नाही."

"मग जी आहे तिला दे. पोरीची नाळ मी कापली, पहिली आंघोळ मी घातली. तुझ्या देवाला माझं काही वाईट वाटत असेल तर तो माझ्याशी बोलेल. आण, काय करायचं ते कर. लवकर."

मी पत्र्याच्या कपात बर्फाचं पाणी घेतलं. तिने माझं मनगट धरलं. चर्चच्या त्या कोपऱ्यात, पूर्व कुठे ते नीट माहीत नसताना, मी तिच्या ओंजळीत पाणी सोडलं आणि मराठीत म्हणाले, "कनकादित्या, शरयू वर्षाची होईपर्यंत हा नेम मी हिच्या हाती देते. ही माझी आहे."

"काय म्हणालीस?"

"पोर वर्षाची होईपर्यंत सूर्य बघितल्याशिवाय खायचं नाही."

"बरं."

"पानसुपारीसुद्धा नाही."

तेव्हा पहिल्यांदा तिचा चेहरा पडला. "सुपारीपण?"

"हो."

"तुझा देव कडक आहे बाई," असं म्हणून तिने तोंडातली सुपारी पानाच्या टोकावर थुंकली आणि रताळं सोलून माझ्या तोंडाशी धरलं.

मी खाल्लं. राख दाताखाली कचकचत होती. प्रत्येक घासाला मी शरयूच्या छातीकडे बघत होते, हलतेय की नाही. दुसरं रताळं, मग मक्याचा भात, मग पुन्हा भात. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे छाती जड झाली, शरयूने तोंड लावलं आणि गिळताना आवाज आला. तो आवाज ऐकण्यासाठी मी श्वास रोखून धरला होता.

आता एक गोष्ट लिहिते, जी मी यांनाही सांगितलेली नाही. मामा तो नेम पाळेल असं मला वाटलंच नव्हतं. मला खाऊ घालण्यासाठी ती हो म्हणतेय, कुठेतरी आडोशाला जाऊन खाईल, असं मी धरून चालले होते. मग मोडल्याचं पाप तिला, मला नाही, हेही मनात येऊन गेलं होतं. म्हणून पुढचे दोन दिवस ती सगळ्यांना वाढत फिरत होती, थट्टा करत होती, तेव्हा ती स्वतः कधी जेवते ते मी बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. तिचे लाल ओठ पांढरे पडत चालले होते, तेही मी बघितलं नाही.

*

सहाव्या दिवशी वारा फिरला. समुद्रावरचे दगड एका बाजूला लोटले गेले आणि जहाजाच्या छोट्या होड्या किनाऱ्याला लागल्या. आभाळ अजून तसंच, खाली उतरलेलं. मी होडीत बसले तेव्हा ओढ्यापलीकडून, खडकाच्या टोकाला वळसा घालून, आणखी एक होडी येताना दिसली. तिच्यात उभा असलेला माणूस दोन्ही हात हलवत होता. ते हे होते. पुलावर नव्हे, पलीकडे पोचले होते त्या दिवशी. चार दिवस कारखान्याच्या भुशात झोपून काढले होते. जहाजावर चढल्यावर यांनी आधी शरयूला उचललं, तिच्या टाळूवर हात ठेवला, मग माझ्याकडे बघितलं.

"खाल्लंस?"

"खाल्लं."

यांनी डोळे मिटले. पुढे विचारलं नाही.

जहाज निघाल्यावर खलाशांनी भात वाटायला घेतला. मी शरयूला घेऊन बसले होते. एक खलाशी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ती म्हातारी तुमची का? उठून बसत नाही आणि भात घेत नाही. विचारलं तर तुमच्याकडे बोट दाखवते."

मामा दोरखंडांच्या वेटोळ्याजवळ आडवी पडली होती. मी वाकले. तिचा हात हातात घेतला तर तो थंडगार, आणि नखं निळसर. ओठांवर लाल म्हणून काही उरलं नव्हतं.

"मामा! तू खाल्लं नाहीस?"

"दिसला कुठे अजून?" ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

"अडीच दिवस?"

"तू चार काढलेस ना? मी म्हातारी, मला भूक कमी."

मी खलाशाला विचारलं, ढग कुठे संपतो? त्याने पश्चिमेला बोट दाखवलं. तिथे समुद्रावर एक पिवळट रेघ होती. जहाज तिच्याकडे जात होतं, पण बैलगाडीसारखं. मामाचे डोळे मिटायला लागले की मी तिला हलवायचे. "मामा, झोपू नकोस." "नाही गं." पुन्हा मिटायचे. पाणी पाजायचे, ओठांवरून ओघळून जायचं. शरयू बाजूला यांच्या मांडीवर हातपाय हलवत होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"तुझा नेम मोडते मी," मी तिच्या कानात म्हणाले. "परत घेते. तू खा. काय व्हायचं ते माझं होऊ दे."

"गप्प," मामा म्हणाली. "पोरीसमोर असं बोलतात?"

ढगाची कडा डोक्यावरून मागे सरकली तेव्हा सूर्य मावळतीला आला होता. लाल, राखेतून बघितल्यासारखा, पण अख्खा. यांनी आणि मी मामाला दोन्ही बाजूंनी धरून बसवलं. मी तिची हनुवटी त्या बाजूला वळवली.

तिने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "मावळता चालतो का? का उगवताच लागतो? नीट सांग, मागाहून माझं नाव नको."

"चालतो," मी म्हणाले. "चालतो गं, मामा."

पहिला घास मी भरवला. तो तिच्याने गिळवेना, म्हणून मी भात पाण्यात कुस्करला आणि शरयूला भरवावा तसा बोटाने भरवला.

*

मोठ्या बेटावरच्या शाळेत आमची छावणी होती. तिथे दोन आठवडे काढून आम्ही रत्नागिरीला परत यायला निघालो. तोवर मामा हिंडूफिरू लागली होती. रोज सकाळी शाळेच्या पटांगणात पूर्वेला तोंड करून उभी असायची, आणि मगच सुपारी तोंडात टाकायची.

निघायच्या दिवशी मी पाणी घेऊन तिच्यासमोर उभी राहिले.

"मामा, आता माझा नेम मला परत दे."

"किती दिवसांचा म्हणालीस?"

"पोर वर्षाची होईपर्यंत."

"झाली का वर्षाची?"

"नाही, पण आता मला जमेल. घरी चाललेय मी."

"तू पाजतेस," मामा म्हणाली, "मला काय काम आहे?" तिने माझ्या हातातलं पाणी घेतलं आणि पिऊन टाकलं. मग शरयूच्या गालाचा मुका घेतला, तिच्या गालावर लाल ठिपका उमटला, तो तिने पदराने पुसला.

आषाढात शरयू वर्षाची होत आली. रत्नागिरीत त्याआधीचे चार दिवस आभाळ भरलेलं होतं, सूर्य एकदाही दिसला नव्हता. सासूबाईंनी माझं ताट वाढलं आणि वाढता वाढता थांबल्या.

"तुझा तो नेम होता ना गं? सोडलास की काय?"

"नाही, चालू आहे," मी म्हणाले, आणि पहिला घास घेतला.